घराला स्वतःचा चेहरा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच खंत वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. घर नीटनेटके आहे, येणारे-जाणारे कौतुकही करतात, पण ते आपले वाटत नाही. त्यांपैकी सहा पत्रे निवडून, थोडी आटोपशीर करून, येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी आम्ही नव्या घरात आलो. सामान हलवण्यापूर्वीच सजावट पूर्ण व्हावी, म्हणून सोफा, जेवणाचे टेबल, टीव्हीखालचे कपाट, पडदे, इतकेच काय, भिंतीवरची चित्रेसुद्धा एकाच दालनातून, एकाच मालिकेतील घेतली. सगळे एकमेकांशी जुळते, तरीही बैठकीच्या खोलीत बसले की हॉटेलात उतरल्यासारखे वाटते. शिवाय खोलीत आवाज घुमतो. खर्च बराच झाल्यामुळे पुन्हा सगळे बदलणे शक्य नाही. नेमके काय चुकले?

उत्तर: आपण घेतलेल्या वस्तूंत दोष आहे, असे मला वाटत नाही. आपल्या पत्रातील ‘सामान हलवण्यापूर्वीच’ या शब्दांपाशी मात्र मी थांबले. सकाळचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते, संध्याकाळी घरातली माणसे आपसूक कुठे जाऊन बसतात, दारातून आत आल्यावर हातातली पिशवी कुठे ठेवावीशी वाटते, यांतले काहीही कळण्याआधी सगळे निर्णय होऊन गेले. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येक वस्तूचे वय दोनच वर्षे आहे आणि तिचे नाते शेजारच्या वस्तूशी आहे, तुमच्याशी नाही. हॉटेलची खोली अशीच सजवावी लागते, कारण उद्या तिथे कोण उतरणार हे सजवणाऱ्याला ठाऊक नसते.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याच्या घराची हकिकत या बाबतीत मला फार बोलकी वाटते. लॉस एंजेलिसमधील पॅसिफिक पॅलिसेड्स येथे बांधायच्या या घराचा पहिला आराखडा १९४५ मध्ये तयार झाला होता. महायुद्धानंतरच्या टंचाईमुळे पोलाद यायला उशीर लागला आणि तेवढ्या काळात ही दोघे त्या मोकळ्या जागेवर वरचेवर जाऊन बसत राहिली. तिथल्या गवताळ मैदानावर त्यांचा असा जीव जडला की, मैदानावर पुलासारखे पुढे झेपावणारे घर बांधण्याचा बेत त्यांनी सोडून दिला, आराखडा नव्याने केला आणि घर चढाच्या कडेला सरकवले. १९४९ च्या अखेरीस ती तिथे राहायला गेली. घराचा सांगाडा कारखान्यात तयार होणाऱ्या साध्या पोलादी भागांचा आहे, पण आत शिंपले, खेळणी, विणलेली कापडे, दगड, लोककलेच्या वस्तू अशा वर्षानुवर्षे गोळा केलेल्या गोष्टींची दाटी आहे. घराचा सांगाडा तयार भागांचा असल्यामुळे त्याचे व्यक्तिमत्त्व हरवते असे नाही, हे त्या घराकडे पाहिल्यावर पटते. आपला सोफाही या न्यायाने निर्दोष आहे.

आता करायचे काय, ते सांगते. पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. जुन्या घरातून आलेली जी खोकी अजून पलंगाखाली किंवा माळ्यावर बंद आहेत, ती उघडा. ‘नव्या घरात हे शोभणार नाही’ म्हणून आपण जे बाजूला सारले असेल, त्यातच बहुधा तुमचे घर राहिले आहे. भिंतीवरची मालिकेतली चित्रे उतरवा आणि भिंत काही दिवस रिकामीच राहू द्या. रिकाम्या भिंतीची सवय होऊ लागली की तिथे खरोखर काय हवे आहे, हे स्वच्छ दिसू लागते. मग एकसारख्या संचातल्या एक-दोन वस्तू दुसऱ्या खोलीत हलवा. सोफ्यासमोरची जुळणारी खुर्ची झोपण्याच्या खोलीत जाऊ द्या आणि तिच्या जागी वेगळ्या घाटाची, वेगळ्या लाकडाची, शक्य असल्यास आधी कोणी तरी वापरलेली खुर्ची येऊ द्या. ती जुळणार नाही, याची भीती वाटेल. परंतु तिच्या आसनाचा रंग खोलीत आणखी एखाद्या ठिकाणी, उशीच्या अभ्र्यात किंवा एखाद्या मातीच्या भांड्यात, पुन्हा दिसला की नजर दोन्ही ठिकाणे आपोआप जोडून घेते.

आवाज घुमण्याचे कारण सरळ आहे. काच, गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, तर जाड कापड, गालिचा आणि भरलेली पुस्तकांची फळी तो शोषून घेतात किंवा विखरून टाकतात. पायाखाली जाड गालिचा आणि एका भिंतीला पुस्तके एवढ्यानेही बोलण्याचा सूर बदलतो. घर ‘रिकामे’ वाटते असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो डोळ्यांचा नव्हे, कानांचा अनुभव असतो.

प्रश्न: नमुन्यांच्या पुस्तिकेत पाहून बैठकीच्या खोलीला अगदी सौम्य राखाडी रंग निवडला. भिंतीवर तो दिवसा निळसर दिसतो आणि रात्री वेगळाच. रंगाऱ्याने मिश्रणात चूक केली असेल का? जमीन तांबूस-केशरी लाकडाची आहे.

उत्तर: रंगाऱ्याला दोष देण्यापूर्वी जमिनीकडे पाहावे. आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यातच बहुतेक उत्तर आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलँ विणकामशाळेत रंगाईच्या विभागाची सूत्रे मिशेल यूजीन शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काही रंग, विशेषतः काळा, विणल्यावर फिका आणि मळकट दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासणीत रंगाई चोख असल्याचे आढळले. दोष शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगाचा होता. शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक जवळच्या रंगावर टाकतो, असा नियम त्याने मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. केशरीचा विरोधी रंग निळा. आपल्या राखाडीच्या पायाशी केशरी जमीन पसरलेली आहे, म्हणून तो निळ्याकडे झुकलेला दिसतो. पुस्तिकेच्या पांढऱ्या पानाशेजारी ही जमीन नव्हती.

त्यात उजेडाची भर पडते. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिथून येणारा उजेड मुख्यतः आकाशाचा आणि म्हणून निळसर असतो. रात्री दिव्यांचा रंग वेगळा, त्यामुळे छटाही वेगळी. शिवाय चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि नखाएवढ्या नमुन्यात जी छटा जेमतेम जाणवते, ती खोलीभर गडद होते.

म्हणून रंग निवडताना निदान अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग जमिनीला टेकवून, वेगवेगळ्या भिंतींपाशी, सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावा. नमुना थेट जुन्या रंगावर लावल्यास जुना रंग शेव्ह्रलच्याच नियमाने फसवतो. आपल्या बाबतीत पुन्हा रंग देण्यापूर्वी जमिनीचा मोठा भाग साध्या, उबदार छटेच्या गालिच्याने झाकून पाहा आणि दिवे पिवळसर उजेडाचे लावा. एवढ्याने भागले नाही, तर किंचित पिवळी किंवा तपकिरी झाक असलेला राखाडी निवडावा.

एक मात्र मनापासून सुचवते. पुढच्या वेळी रंगाची सुरुवात पुस्तिकेपासून करू नका. घरात तुम्हाला अतिशय प्रिय असलेली एखादी शाल, एखादे चित्र, एखादी बशी घ्या आणि तिच्यातल्या दुय्यम रंगाकडे पाहा, म्हणजे कडेला, पार्श्वभूमीला, दोन ठळक आकृत्यांच्या मधल्या जागेत जो असतो त्याकडे. भिंतीला तो बहुधा शोभतो, आणि ती प्रिय वस्तू त्या भिंतीपुढे ठेवली की जणू तिच्यासाठीच खोली रंगवली असावी, असे दिसते.

प्रश्न: सासूबाईंच्या माहेरचे एक अवजड लाकडी कपाट आमच्याकडे आले आहे. रंग काळपट झाला आहे, एक खण अडकतो, दाराच्या कडेला ओरखडे आहेत. बाकी घर फिक्या रंगाचे आणि हलके आहे. यजमानांचे म्हणणे, घासून त्याला पांढरा रंग द्यावा. मला धीर होत नाही. आपले मत काय?

उत्तर: आपला धीर होत नाही, याचा मला आनंद झाला. त्याचे कारण माझ्या घरातले आहे. माझ्या आजोबांचे लिहिण्याचे मेज माझ्याकडे आले, तेव्हा त्यावर शाईचे डाग होते, आणि उजव्या हाताला, कडेपासून चार बोटे आत, लाकूड बशीसारखे किंचित खोल गेले होते. अनेक वर्षे तिथे त्यांचे कोपर टेकत असे. मी सुताराला बोलावून वरची फळी साफ करून घेतली. त्याने काम उत्तम केले. मेज सपाट आणि चकचकीत झाले, आणि त्यावर हात फिरवताना आजोबा कुठे बसत हे आता कोणाला सांगता येणार नाही. ती खोलगट जागा परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. पांढरा रंग देण्याचा निर्णय वर्षभराने घेतला तरी चालतो, पण घासलेले लाकूड परत येत नाही, म्हणून आधी बाकीचे सगळे उपाय करून पाहावेत.

काळपटपणा हा पुष्कळदा लाकडाचा नसून वर साचलेल्या मेणाचा, धुराचा आणि हातांच्या तेलकटपणाचा असतो. मऊ कापड कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून घट्ट पिळावे, आतल्या न दिसणाऱ्या भागावर आधी लावून पाहावे आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावे. पॉलिश कोणते आहे हे जाणायचे असेल, तर आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टेकवावा. तो भाग चिकट होऊन विरघळू लागला, तर ते बहुधा लाखेचे पॉलिश आहे, आणि लाखेचे पॉलिश संपूर्ण खरवडल्याशिवायही जाणकार कारागिराला दुरुस्त करता येते. ओरखड्यांवर त्याच छटेचे मेण भरता येते. अडकणारा खण बाहेर काढून त्याच्या खालच्या कडांवर आणि कपाटातल्या सरकपट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासावी, बहुतेक वेळा तेवढे पुरते. खण दमट दिवसांतच अडकत असेल, तर लाकूड फुगल्याने तसे होते, म्हणून लगेच रंधा मारायला देऊ नये. कोरडी हवा आली की तोच खण ढिला पडेल.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्यावी. कपाटाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल आणि लाकडात टाचणीच्या माथ्याएवढी छिद्रे असतील, तर ते किडीचे लक्षण आहे, आणि उपचार झाल्याशिवाय कपाट इतर लाकडी सामानाजवळ ठेवू नये. त्यावर पूर्वी कोणी तैलरंग दिला असेल, तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि त्याची धूळ, विशेषतः लहान मुलांना, अपायकारक असते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली तीही १९७८ मध्ये, यावरून शिसे किती अलीकडेपर्यंत वापरात होते ते लक्षात येईल. आणखी एक गोष्ट यजमानांना जरूर दाखवा. दाराच्या कडेला पातळ पापुद्रा दिसतो का, ते पाहा. भारी लाकडाचा पापुद्रा साध्या लाकडावर चिकटवलेला असेल, तर तो कित्येकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि यंत्राने घासताना क्षणात आरपार जातो.

राहिला प्रश्न फिक्या घरात गडद कपाट शोभण्याचा. एकटी पडलेली गडद वस्तू चुकून आल्यासारखी दिसते, तिला खोलीत एक-दोन सोबती मिळाले की ती हेतुपूर्वक ठेवलेली वाटते. समोरच्या भिंतीवर गडद लाकडाची एखादी चौकट आणि टेबलावर काळपट धातूचा दिवा एवढे पुरे. कपाटाच्या दोन्ही बाजूंना भिंत मोकळी सोडा, त्याला सोफ्याच्या आणि खिडकीच्या मधल्या बोळकांडीत कोंबू नका. आतला भाग मात्र यजमानांच्या आवडीच्या रंगाने रंगवायला हरकत नाही. आतून काढता येणाऱ्या पातळ फळीला रंग देऊन ती मागे उभी केली, तर मूळ लाकडाला धक्का लागणार नाही आणि दार उघडताच दर वेळी एक आनंद हाती लागेल.

प्रश्न: घरात बरीच छायाचित्रे आणि लहान चित्रे आहेत. ती भिंतीवर लावली की विस्कळीत दिसतात. किती उंचीवर आणि कशी लावावीत?

उत्तर: बहुतेक घरांत चित्रे फार उंच लावलेली असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा, कारण उभ्या माणसाची नजर तिथे सहज जाते. जिथे आपण प्रामुख्याने बसतो तिथे चित्रे याहून खाली आलेली चालतात. सोफ्याच्या वर लावायची असल्यास पाठीच्या वरच्या कडेपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर पुरे, आणि एकूण मांडणीची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असली की ती सोफ्याला धरून राहते. समूहात लावताना दोन चौकटींमध्ये ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवावे. अंतर वाढले की प्रत्येक चित्र एकटे पडते, आणि विस्कळीतपणाचे कारण बहुधा हेच असते. वर्तमानपत्राचे चौकटींच्या मापाचे तुकडे कापून ते कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावा, चार दिवस तसेच ठेवून सरकवत राहा आणि मनासारखे जमल्यावरच खिळा ठोका.

मूळ जुनी छायाचित्रे उन्हाच्या वाटेत लावू नयेत, असे मी आग्रहाने सांगते. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. संग्रहालये कापड आणि कागदावरील कलाकृतींसाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात, तो याच कारणाने. भिंतीवर उत्तम प्रत लावावी आणि मूळ छायाचित्र आम्लरहित कागदात अंधारात जपावे. प्रत असो वा मूळ, छायाचित्र काचेला चिकटता कामा नये. मध्ये खिडकीसारखी कापलेली पुठ्ठ्याची चौकट ठेवावी, नाहीतर दमटपणाने ते काचेला कायमचे धरून बसते.

कोणते छायाचित्र लावावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगते. सगळे जण नटून एका रांगेत उभे आहेत ते एखादेच पुरे. स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरी उभी असलेली आई, दुरुस्तीसाठी उघडलेल्या सायकलीवर वाकलेला भाऊ, कोणी तरी हसता हसता हललेले, थोडे अस्पष्ट, असली छायाचित्रे पाहुणे थांबून पाहतात आणि घरातल्यांना रोज काही तरी देतात.

प्रश्न: आम्ही भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला भोक पाडायचे नाही, रंग बदलायचा नाही, अशी मालकांची अट आहे. छताला एकच पांढराफेक दिवा. दोन-तीन वर्षांत सोडायच्या घरासाठी किती जीव लावावा?

उत्तर: दोन-तीन वर्षे हा आयुष्याचा लहान भाग नव्हे. घर कोणाच्याही मालकीचे असो, त्यात उजाडणारे दिवस तुमचेच आहेत. जीव लावावा, फक्त तो उचलून नेता येईल अशा गोष्टींत लावावा.

सुरुवात दिव्यांपासून करा, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. छतावरचा एकच दिवा सगळीकडे सारखाच उजेड टाकतो, त्यामुळे खोली सपाट दिसते आणि चेहरेही थकलेले दिसतात. त्याऐवजी एका खोलीत तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर लहान दिवे ठेवा: एक वाचण्याच्या खुर्चीशेजारी उभा, एक फळीवर, एक कोपऱ्यात जमिनीलगत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला दिव्याच्या टोपीची खालची कड आली, तर दिवा डोळ्यांत घुसत नाही आणि उजेड मांडीवरच्या पुस्तकावर पडतो. दिवे घेताना वेष्टनावरील केल्विनचा आकडा वाचावा. २७०० च्या जवळपासचा उजेड पिवळसर आणि संध्याकाळला साजेसा असतो, ६५०० चा ढगाळ दुपारसारखा निळसर-पांढरा. सीआरआय हा दुसरा आकडा ९० किंवा अधिक असेल, तर लाकडाचे, कापडाचे आणि माणसाच्या त्वचेचे रंग खरे दिसतात. एका खोलीत सगळे दिवे एकाच छटेचे असावेत. पिवळा आणि निळसर उजेड शेजारी-शेजारी आला की दोन्ही आजारी दिसतात.

भिंतीऐवजी जमिनीकडे लक्ष द्या. गालिचा घेताना लोक सहसा लहान घेतात आणि मग तो खोलीच्या मध्यात तरंगत राहतो. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर यावेत, एवढा तो मोठा असावा. चित्रे टांगता येत नसतील, तर ती बुटक्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवा, मोठे मागे आणि लहान पुढे, एकमेकांवर थोडी चढवून. खिडकीच्या चौकटीत दाबून बसणाऱ्या दांड्यावर हलका पडदा राहतो. कपाटांच्या मुठी बदलता येतात, जुन्या मुठी आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत नाव घालून ठेवले की जाताना पूर्ववत करता येते. मूठ दिवसातून दहा वेळा हातात येते, म्हणून त्या लहानशा बदलाने घरावरचा हक्क जितका जाणवतो, तितका एखाद्या मोठ्या चित्रानेही जाणवत नाही.

झाडे ठेवावीत का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. पाणी घालण्यात आनंद वाटत असेल तर ठेवावीत, निव्वळ सजावट म्हणून ठेवलेली झाडे लवकरच केविलवाणी होतात.

प्रश्न: मला मोकळे, शांत घर आवडते. आमच्या यजमानांना मात्र जुनी घड्याळे, कुलपे, पितळी वजने, नकाशे असे काही ना काही गोळा करण्याची आवड आहे. आता प्रत्येक फळी भरली आहे. त्यांचे मन न दुखावता यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर: आपल्या दोघांच्याही आवडी खऱ्या आहेत, त्यामुळे निवाडा एकाच्या बाजूने होऊ नये. मोकळेपणा हवा असणे ही रुक्षता नव्हे आणि गोळा करणे हा पसारा नव्हे. ज्या वस्तूकडे कोणीच पाहत नाही, तिला मात्र मी पसारा म्हणेन, मग ती कितीही दुर्मीळ असो.

लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स येथे सर जॉन सोन या वास्तुविशारदाचे घर आहे. त्याने आयुष्यभर मूर्ती, भग्न शिल्पखंड, चित्रे आणि पुस्तके जमवली आणि हे घर त्याच्या मृत्यूनंतर जसेच्या तसे राखले जावे, यासाठी १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. १८३७ मध्ये तो वारला, पण घर आजही लोकांना पाहता येते. तिथली चित्रांची खोली अगदी लहान आहे. तिच्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर उघडणारी मोठी फळ्यांची दारे आहेत. एक थर उघडला की आत दुसरा दिसतो, आणि एवढ्याशा जागेत शंभराहून अधिक चित्रे सामावतात. सगळी चित्रे एकाच वेळी दिसत नाहीत. एक दार उघडते तेव्हा दुसरे काही तरी नजरेआड जाते. अतिशय हौशी संग्राहकालाही दाखवणे आणि झाकणे या दोन्हींची जोड घालावी लागली, हे यजमानांना सांगून पाहा.

प्रत्यक्षात असे करता येईल. घरात एक जागा, मग ती एक भिंत असो किंवा एक काचेचे कपाट, संपूर्णपणे त्यांच्या संग्रहाला द्यावी आणि तिथे आपण मत देऊ नये. बाकीच्या खोल्यांत आपल्या आवडीचा मोकळेपणा राहील. त्या जागेत सगळे एकदम न मांडता, एका वेळी एकच प्रकार मांडावा. बारा कुलपे बारा खोल्यांत विखुरली की अडगळ दिसते, तीच गडद कापडावर आकाराच्या क्रमाने एका फळीवर आली की पाहणारा वाकून त्यांच्या किल्ल्यांची भोके निरखू लागतो. पितळी वजनांचेही तसेच आहे: सर्वांत मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत ती उतरत्या रांगेत लावली की शेवटच्या वजनापर्यंत नजर आपोआप जाते. दर फळीचा निदान तिसरा भाग मोकळा ठेवावा, तेवढ्या मोकळेपणाशिवाय वस्तूचा घाट दिसत नाही. उरलेल्या वस्तू कापडात गुंडाळून, खोक्यावर यादी चिकटवून आत ठेवाव्यात आणि तीन-चार महिन्यांनी फेरपालट करावी.

घड्याळांविषयी मात्र एक वेगळी सूचना आहे. बंद पडलेल्या दहा घड्याळांपेक्षा चालते एक घड्याळ खोलीला अधिक जिवंत करते, म्हणून यजमानांना त्यांतले सर्वांत आवडते कोणते ते विचारा आणि ते दुरुस्त करून घ्या. ते त्यांच्या कपाटात न ठेवता तुमच्या त्या मोकळ्या, शांत खोलीत लावावे, आणि त्याला किल्ली देण्याचे काम तुमच्याकडे असावे.